बाताड्याची हाक

कसबा बावड्यात एखाद्याला खोटारडा म्हटलं तर भांडण होतं. बाताड्या म्हटलं तर बहुतेक वेळा चहा येतो. नसलेलं दोघेही सांगतात. पण खोटारडा समोरच्याला फसवायला सांगतो आणि बाताड्या समोरच्याला बसवून ठेवायला. खोटारड्याचा आवाज खाली असतो, बाताड्याचा चार घरं ऐकू जातो. ऐकणाऱ्यालाही त्याचं गणित पाठ असतं: रुपयातले आठ आणे तिथंच सोडायचे आणि उरलेले आठ आणे हसत घरी न्यायचे. बायका हा शब्द दिराला, मेहुण्याला लाडानं लावतात. फक्त सोयरिकीची बोलणी चालू असताना मुलाच्या बापाला कुणी बाताड्या म्हटलं, तर पाहुणे सुपारी न घेता उठतात.

हे सगळं आकारामला ठाऊक नव्हतं असं नाही. पण पंच्याण्णव सालच्या उन्हाळ्यात त्यानं हा शब्द पिराजीवर फेकला, तेव्हा त्याच्या मनात चहा नव्हता. त्याला दगड मारायचा होता.

आकाराम साखर कारखान्यात फिटर होता. हंगामात बारा-बारा तास यंत्रांच्या घरघरीत उभं राहून त्याची बोलायची सवयच गेली होती. तिथं सगळं हातवाऱ्यांवर चालायचं, तेच तो घरी आणायचा. पाणी हवं असलं की अंगठा ओठाकडे, मीठ कमी पडलं की बोटांची चिमूट. त्याची बायको अंबूबाई त्याची भुवई वाचायला शिकली होती. त्र्याण्णव साली नव्या प्लॉटांत त्यानं दोन खोल्या बांधल्या, मागं गोठा घातला आणि एक पंढरपुरी म्हैस आणली. शिंगं मागं पार खांद्यापर्यंत गेलेली, डोळे काजळ घातल्यासारखे. नाव अंबूबाईनंच ठेवलं, काशी. आकाराम तिला हातानं धुवायचा, हातानं चोळायचा, गवतातला एकेक काटा वेचून मग तिच्यापुढं टाकायचा. दूध असं की भांडं विसळलं तरी बोटाला साय लागावी.

आणि या गोठ्याच्या पाठीला पाठ लावून पिराजीचा गोठा होता. मधे कमरेएवढी विटांची भिंत. पिराजीकडे चार म्हशी, त्यांतली गुलछडी त्याची लाडकी. म्हशी चारचौघींसारख्याच. पण पिराजीच्या तोंडून निघाल्या की त्या चारचौघींसारख्या राहत नसत. त्याच्या दुधाच्या सायीवरून म्हणे मांजर चालत गेलं आणि पाय भिजला नाही. पन्हाळ्याच्या धुक्यात त्याची म्हैस हरवली तेव्हा त्यानं तटावरून एक हाक मारली, तर पायथ्याच्या गावांतल्या तेरा म्हशी दावी तोडून वर चढून आल्या. तेरा. दोन-तीन म्हटल्या असत्या तर एखाद्यानं विश्वास ठेवलाही असता. पण पिराजी बोटांवर मोजून तेरा सांगायचा, आणि तेरावी लंगडत होती म्हणायचा, त्यामुळं तिला जरा उशीर झाला.

त्याची ती हाक मात्र खरी होती. रोज पहाटे आणि रोज दिवस मावळताना, आंबोणाचं, भिजवलेल्या पेंड-भुशाचं घमेलं उचलायच्या आधी तो छाती भरून ओरडायचा, "ये गं बयाऽ, ये ये येऽऽ." दावणीलाच बांधलेल्या म्हशींना कुठं यायचं होतं कोण जाणे, पण हाक मारल्याशिवाय त्याचं घमेलं उचललं जात नसे. आकारामला त्यामुळं घड्याळाची गरज उरली नव्हती. पलीकडे हाक उठली की अलीकडे हा मुकाट्यानं काशीपुढं आंबोण ठेवायचा.

दूध न्यायला येणारी माणसं आकारामच्या दारात भांडं पुढं करायची, भरून घ्यायची आणि जायची. पिराजीच्या कट्ट्यावर तीच माणसं भांडं भरल्यावरही अर्धा अर्धा तास बसायची. म्हाताऱ्यांना तिथं खाट होती, पोरांना रेडकाशी खेळायला मुभा होती, आणि सगळ्यांना बाता होत्या. आकाराम शेण भरता भरता भिंतीवरून बघायचा. दूध माझं घट्ट, गोठा माझा स्वच्छ, म्हैस माझी देखणी. मग ही माणसं पाण्यासारखं दूध घेऊन तिथं दात काय काढतात?

एकदा भिंतीपलीकडची कुठलीशी बात ऐकून अंबूबाई भाकरी थापता थापता एवढी हसली की तव्यावरची भाकरी जळली. आकारामनं ती जळकी भाकरी न बोलता खाल्ली. चौदा वर्षांच्या संसारात आपल्या एकाही बोलण्यावर ही अशी हसलेली नाही, हे त्याला त्या घासाबरोबर कळलं, आणि तो घास बरेच दिवस खाली उतरला नाही.

त्यानंतरच केव्हातरी चौकातल्या चहाच्या टपरीवर पिराजीची तेरावी म्हैस लंगडत गड चढत होती, आणि सगळे ऐकत होते. आकारामनं कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बाताड्या हाय नुसता."

पिराजी उठला. आता हा अंगावर येणार असं वाटून आकारामनं पाय घट्ट रोवले. पिराजीनं दोन्ही हात जोडले आणि टपरीवाल्याकडे वळून म्हणाला, "बगा, दोन वर्सांत शेजारी पैल्यांदा बोलला, आन बोलला त्ये बी माझ्यावर. मालक, ह्येचा च्या माझ्याकडनं."

झालं. त्या दिवसापासून तो पिराजी बाताड्या झाला. लोक बाताड्याचं दूध म्हणायचे, बाताड्याचा कट्टा म्हणायचे. बाहेरगावचा पाहुणा स्टँडवर रिक्षात बसून बाताड्याकडे सोड म्हणाला, तर रिक्षावाल्यानं काही न विचारता बरोबर दारात सोडलं. आकारामनं मारलेला दगड पिराजीनं हारासारखा गळ्यात घालून घेतला होता. आणि तो हार आपणच ओवून दिला, हे आकारामला रात्रंदिवस टोचत राहिलं.

दिवाळीच्या पाडव्याला बावड्यात म्हशींचा थाट असतो. महिनाभर आधीपासून त्यांना खुराक. अंगावरचे केस भादरून त्यांतच वेलबुट्टी ठेवायची, वर तेल चोळायचं, शिंगं रंगवायची, गळ्यात कवड्यांच्या माळा, कपाळावर मोराचं पीस. हलग्या वाजतात, फटफट्यांचे सायलेन्सर काढून त्यांचा आवाज करतात, आणि त्या सगळ्या गलक्यात धनी हाक मारतो. गर्दीतून आपल्या माणसाचा आवाज ओळखून जी म्हैस धावत येते, तिची वर्षभर चर्चा होते. तालमीतले जुने वस्ताद गुंडूआण्णा त्या धन्याला फेटा बांधतात.

अठ्ठ्याण्णव सालची दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. टपरीवर पिराजी सांगत होता की गुलछडीला डोळे बांधून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला मंगळवार पेठेत सोडली, तरी त्याच्या हाकेला ती सिग्नल बघून परत येईल. लोक हसत होते. आकारामच्या आत काहीतरी सुटलं.

"आमची बी येती की," तो म्हणाला.

गुंडूआण्णांनी मान वळवली. "कोन? तुजी काशी? तुज्या हाकंला?"

"व्हय."

"गुलछडीच्या आदी?"

माघार घ्यायला तेवढी एकच जागा होती, आणि तिथं पिराजी हसऱ्या चेहऱ्यानं बसलेला होता. आकाराम म्हणाला, "आदी."

मग नियम तिथल्या तिथं ठरले. चौकाच्या एका टोकाला म्हशी, शंभर पावलांवर धनी. हातात काठी नाही, पेंड नाही. तीन हाका. उठता उठता कुणीतरी म्हणालंच, "आन न्हाई आली, तर बावड्यात बाताडं दोन झालं म्हनायचं." त्यावर सगळे हसले. आकाराम घरी येईपर्यंत ते हसणं त्याच्या मागून चालत आलं. पिराजी बाताड्या असला तरी त्याचे आठ आणे तरी खरे निघत. आपली म्हैस नाही आली तर आपल्याजवळ एकही आणा उरत नाही. पिराजीचा शब्द आपल्याला चिकटेल, आणि आपल्याला तर तो हसत मिरवताही यायचा नाही.

अंबूबाईला बातमी आधीच कळली होती. ती भांडी घासता घासता म्हणाली, "अवो, तुमी तिला हाक कवा मारलायसा? मी तर न्हाई ऐकली."

"वळखती मला."

"हात वळखती. आवाज वळखाय तिनं तो ऐकाय नको?"

ते त्याला पटलं. दुसऱ्या दिवशी तो गोठ्यात गेला, काशीपासून चार पावलं मागं सरला आणि तोंड उघडलं. तेवढ्यात पलीकडे पिराजी खोकला. आकारामनं तोंड मिटलं. पुढच्या दिवशीही तेच. आपण 'ये ये' करतोय आणि तो भिंतीआड ऐकतोय, कट्ट्यावर त्याची गोष्ट करून सांगतोय, हे नुसतं मनात आलं तरी तो खराटा उचलून गोठा झाडायला लागायचा. मग तो काशीला नदीकडच्या शेतवडीत घेऊन गेला. तिथं बायका वैरण कापत होत्या. तो तसाच परत आला.

पंधरा दिवस असे गेले. हाक राहिली, आणि हातांनी तिची भरपाई केली. त्यानं काशीला स्वतः भादरली. दोन्ही कुशींवर केसांचे मोर ठेवले, त्यांच्या पिसाऱ्याचा एकेक डोळा कात्रीनं कोरला. शिंगं हुरमुंजी रंगानं रंगवली, टोकांना पितळी शेंब्या बसवल्या. पाडव्याच्या सकाळी काशी चौकात आली तेव्हा हलगीवाल्याचा हात थांबला. बायका जवळ येऊन मोरांवरून बोट फिरवून बघत होत्या. पिराजीसुद्धा तिच्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "मर्दा, हिला म्हस कोन म्हनंल? ही तर नवरी हाय." ते ऐकून आकारामला पहिल्यांदा वाटलं की आज जमणार.

म्हशींच्या टोकाला काशीचं दावं अंबूबाईच्या हातात होतं, गुलछडीचं पिराजीच्या भावाच्या. गुंडूआण्णांनी चिठ्ठी उचलली. आकारामचं नाव आधी निघालं. त्यांनी हात वर केला, हलग्या थांबल्या, फटफट्या बंद झाल्या. एवढी शांतता आकारामला कधी नकोशी वाटली नव्हती.

"ये," तो म्हणाला.

पहिल्या ओळीतल्या माणसांनाही ते नीट ऐकू गेलं नसेल. काशी रवंथ करत होती. त्यानं घसा खाकरला. "ये काशे." या वेळी आवाज आला, पण तो त्याचा त्यालाच अनोळखी वाटला. काशीनं कान हलवला, तोही माशी बसली म्हणून. तिसऱ्या हाकेला तो खरोखर ओरडला. आवाज मधेच फाटला आणि मागं पोरींचा घोळका फिस्सकन हसला. काशीनं मान उचलली, चौकभर शांतपणे नजर फिरवली, आकारामवरूनही फिरवली, आणि पुन्हा रवंथ सुरू केलं.

आकाराम उभ्या जागी घामानं भिजला. गुंडूआण्णांनी पिराजीला खूण केली.

पिराजीनं छाती भरून घेतली. "ये गं बयाऽ, ये ये येऽऽ."

गुलछडी निघाली. पण तिच्याही आधी काशीनं असा हिसडा दिला की अंबूबाईच्या हातातून दावं सुटलं. कवड्या उडवत, मोर नाचवत ती शंभर पावलं धावत आली. गुलछडीला मागं टाकलं, आकारामच्या अंगाला घासून पुढं गेली आणि पिराजीसमोर थांबून त्याचा हात हुंगायला लागली. आंबोण कुठाय, असं विचारत असावी. पाच वर्षं दोन्ही वेळेला तिनं हीच हाक ऐकली होती, आणि हाकेमागून आंबोण आलं होतं. घालणारा हात आकारामचा होता, पण बोलावणारा आवाज कायम भिंतीपलीकडचा.

चौक फुटला. लोक एकमेकांच्या खांद्यावर डोकी ठेवून हसत होते. पाच वर्षं जिच्या अंगावर माशी बसू दिली नाही, ती आपली म्हैससुद्धा शेवटी त्याच्याच कट्ट्यावर गेली. आकाराम जमिनीकडे बघत होता. पिराजी आता तोंड उघडेल, आणि मग ही गोष्ट बावड्यातून कधीच जाणार नाही, हे त्याला स्पष्ट दिसत होतं. पिराजीनं काशीची शिंगं धरली, एकदा आकारामकडे बघितलं आणि खरंच तोंड उघडलं.

"हसताय काय? धन्याच्या हाकंला तर कुनाचीबी म्हस यील. शेजाऱ्याच्या हाकंला येती, तिला शिकवल्याली म्हनत्यात. सा म्हैनं ह्यो आकाराम माझ्या मागं हुता. म्हनायचा, पिरादा, तू हाक मार, मी तिला सोडतो. मी म्हनलं, कशापायी? तर म्हनला, मी कारखान्यात आसतो, उद्या कायबी झालं तर म्हस तुझ्या भरवशाव. आता तीन हाका मारल्या त्यानं, हालली का ती? न्हाई हालली. आपला धनी म्हनला तरी जागा सोडायची न्हाई, ह्ये शिकवाय किती अक्कल लागती, सांगा बरं."

लोकांना ठाऊक होतं कोण बोलतोय ते. त्यांनी सवयीनं आठ आणे सोडले. पण उरलेल्या आठ आण्यांतही काशी आधी आली होती आणि तीन हाकांना जागेवर ठाम उभी राहिली होती. गुंडूआण्णा आकारामकडे वळले.

"खरं काय रं?"

आकारामनं बघितलं. दाव्यानं सोलवटलेला तळहात ओठांशी धरून अंबूबाई पलीकडे उभी होती. ती हसत नव्हती. नाही म्हटलं तर तो शब्द आत्ता, इथं, कपाळावर बसत होता. हो म्हटलं तर पिराजीच्या तोंडचं उष्टं खावं लागत होतं.

"व्हय," तो म्हणाला. मग त्याच्या तोंडून आणखी काहीतरी निघालं, आणि कुठून निघालं हे त्याला पुढं कधीच सांगता आलं नाही. "सा न्हाई. आठ म्हैनं."

पिराजीचे डोळे बारीक झाले, मिशी हलली.

फेटा आकारामला बांधला. गुंडूआण्णांचा हात जड. त्यांनी तो असा आवळला की कानशिलं ठणकायला लागली. एवढी वर्षं हवा होता तो फेटा हाच. घरी येताना पुढं काशी, मधे फेटा घातलेला आकाराम, आणि मागं गर्दीत पिराजी तीच गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता. तिसऱ्या वेळी ती पहिल्यापेक्षा चांगली झाली होती. आकारामला त्याचे आभार मानावेत असं वाटलं नाही. आपल्याला सगळा जीव एकवटून वरचे दोन महिने सुचले आणि ह्याला उभ्या उभ्या अख्खी गोष्ट सुचली, एवढंच त्याच्या डोक्यात घोळत राहिलं.

त्यानंतर तो काशीला हाक मारायला शिकला. घरात अंबूबाईशीही चार शब्द बोलायला लागला. दोन हजार दोन साली त्यानं लेकीचं, स्नेहलचं लग्न पन्हाळ्याला करून दिलं. व्याही तिथं तहसील कचेरीत कारकून होते. पहिल्या दिवाळीला तिकडं गेला असताना जेवणं झाल्यावर त्यानं काशीची गोष्ट काढली. सगळं बरोबर सांगितलं, क्रमानं सांगितलं, आठ महिनेही सांगितले. व्याह्यांनी मान डोलावली, "हुशार जनावर," असं म्हटलं आणि पानाचं तबक पुढं केलं. परतीच्या एस.टी.त अंबूबाई खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "पिराजीभावजींसारखं न्हाई जमत तुमास्नी." ती हे मुद्दाम टोचायला बोलली नव्हती, म्हणूनच ते जास्त लागलं.

पुढच्या वर्षी व्याही बावड्यात आले. हातपाय धुऊन चहा होतोय न होतोय तोच म्हणाले, "पावणं, ते तुमचं शेजारी कुठं असत्यात? म्हशीची गोष्ट आमच्या कचेरीत कुनीतरी सांगत हुतं, हसून हसून पोट दुखलं. म्हनलं, एकदा त्येंच्याच तोंडनं ऐकावी."

आकारामनं गोष्ट आपल्या म्हशीची आहे, आपण ती मागच्या दिवाळीला तुम्हालाच सांगितली होती, असलं काही म्हटलं नाही. टॉवेल खांद्यावर टाकला आणि व्याह्यांना घेऊन पिराजीच्या कट्ट्यावर गेला. शेजारी राहून दहा वर्षं झाली होती, पण त्या कट्ट्यावर तो बसायला म्हणून पहिल्यांदाच आला होता. पिराजीनं खाट झटकली, व्याह्यांना बसवलं. आकारामसाठी पाट आला. बघता बघता दहा-पंधरा माणसं जमली.

पिराजीनं सुरुवात केली. आता काशी रस्ता ओलांडताना दोन्ही बाजूला बघत होती. आकारामनं तिच्या कानात शिकवणी घेतली होती, आणि ती शिकवणी चालली होती दीड वर्ष. व्याही मांडीवर थापा मारत होते. आकाराम सगळं नीट न्याहाळत होता: हा कुठं थांबतो, आवाज कुठं खाली आणतो, हसू यायच्या आधी मिशीवरून हात कसा फिरवतो. सगळं दिसत होतं, आणि त्यातलं काहीही आपल्या हाताला लागणार नाही हेही दिसत होतं. त्या अख्ख्या गोष्टीत त्याची स्वतःची अशी एकच गोष्ट होती.

"आठ म्हैनं," तो म्हणाला.

हसण्याच्या गलक्यात कुणाला ऐकू गेलं नाही. त्यानं पुन्हा, मोठ्यानं म्हटलं, "दीड वरीस न्हाई. आठ म्हैनं."

पिराजीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. "ऐकलासा? मानूस असा हाय बगा ह्यो. येवढं केलं, तरी सोता कमी करून सांगतोय."

कट्टा पुन्हा हसून लोळला, व्याही तर डोळे पुसायला लागले. आकारामच्या कानाच्या पाळ्या तापल्या. उठून जावं असं मनात आलं. पण काशी आत्ता चौकाच्या मधोमध आली होती, आणि पिराजी आज तिला कुठं नेणार हे त्याला माहीत नव्हतं. तो पाट ओढून जरा पुढं सरकला.